आबांचा खांदा

झुलाल आबांनी धोतर गुडघ्यांच्या वर खोचलं, टोपी काढून मुलाच्या हातात दिली आणि द्राक्षांनी अर्ध्या भरलेल्या लाकडी टबात उजवा पाय ठेवला. द्राक्षं फुटली. बोटांच्या फटींतून जांभळा रस वर आला. टबात आधीच उतरलेल्या त्यांच्या सहा वर्षांच्या नातवानं, ओजसनं, त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

“गार शे रे,” आबा म्हणाले.

“आबा, तू नुसता उभा नको राहू. तू पण नाच.”

आणि एकाहत्तर वर्षांचे आबा नाचले. वरातीत कुणी हाताला धरून ओढल्यावर मोठी माणसं नाचतात तसे, एक पाय उचलून दुसरा टेकवत, हातांचं काय करावं ते न कळून. तीन वर्षांची रेवा आजीच्या, भागाबाईंच्या, कडेवरून टाळ्या वाजवत होती. सून रूपा मोबाइलवर सगळं टिपत होती. अमृत दहा पावलांवर उभा होता. त्याच्या हातातली टोपी आतून घामानं ओली होती, आणि बापाची टोपी आपण आजवर कधी हातात धरली नव्हती हे त्याला तेव्हा जाणवलं.

“पप्पा, तुम्ही पण या,” ओजसनं हाक मारली.

“सामान कोण बघेल?” अमृत म्हणाला. सामान म्हणजे चपलांचे दोन जोड होते.

ही सहल रूपाच्या डोक्यातून निघालेली. जळगावच्या ज्या शाळेत ती शिकवत होती, तिथं लागून दोन सुट्ट्या आल्या होत्या. नाशिकच्या पुढे, धरणाच्या अंगाला एक वायनरी होती. द्राक्षांच्या बागेतच राहायच्या खोल्या, मुलांना पोहायला तळं, फेब्रुवारीत द्राक्षं तुडवायचा खेळ. आपण चौघंच जाऊ, असं अमृतचं म्हणणं होतं. पण रूपानं परस्पर गावाकडे फोन लावला. आबा नाही म्हणतील याची अमृतला खात्री होती. कापसाची शेवटची वेचणी राहिली होती, आणि दारूच्या कारखान्यात आपलं काय काम, असं ते विचारतील असं त्यानं धरलं होतं. आबांनी एवढंच विचारलं, की पोरं येणार आहेत ना? शनिवारी सकाळी गाडी पारोळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर पोचली तेव्हा ते पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसलेले होते. अर्ध्या तासापासून बसलेत, असं भागाबाईंनी सांगितलं.

तुडवून झाल्यावर आबांनी ओजसला नळापाशी नेलं. स्वतः उकिडवे बसले, त्याचा एक पाय आपल्या मांडीवर घेतला आणि बोटांमधल्या साली एकेक करून काढू लागले. करंगळीपाशी एक साल चिकटून बसली होती. ती त्यांनी नखानं नाही, अंगठ्याच्या पेरानं हलकेच सरकवली. मग दुसरा पाय.

अमृत ते हात पाहत राहिला. ते हात त्याच्या ओळखीचे होते, पण लांबून. बैलाची वेसण धरलेले, विहिरीवरचा पंप खोललेले, ताटात भाकरी कुस्करणारे. आबा त्याला मारत नसत. मारण्यासाठी जवळ यावं लागलं असतं, असं पुढे कॉलेजात असताना त्यानं एका मित्राला हसत हसत सांगितलं होतं. आबा घरात शिरताना खोकायचे आणि घर गप्प व्हायचं. शाळेचं काही विचारायचं झालं तर माय मध्ये असायची. सातवीत असताना त्याच्या हातून दुधाची बरणी फुटली, तर आबा त्याच्याशी दोन दिवस एक शब्द बोलले नव्हते. त्या दोन दिवसांपेक्षा चार थपडा परवडल्या असत्या.

आणि हा पोरगा त्यांना अरेतुरे करत होता.

दुपारी वायनरीतला एक तरुण पाहुण्यांना वाइनची चव कशी घ्यायची ते शिकवत होता. आईवडिलांसमोर नको म्हणून रूपा आणि अमृत दोघंच गेले. मुलं आबा आणि भागाबाईंजवळ राहिली. त्या तरुणानं ग्लास गोल फिरवायला सांगितला, नाक ग्लासात घालायला सांगितलं, यात पेरूचा वास येतो का ते पाहा म्हणाला. रूपाला येत होता. अमृतला काही येत नव्हतं. तो काचेच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला.

खाली द्राक्षांच्या ओळी होत्या. दोन ओळींमधून आबा चालले होते आणि त्यांच्या खांद्यावर ओजस बसला होता. आबांनी त्याचे घोटे धरले होते. मधेच ते थांबत, ओजस वेलीकडे बोट दाखवी, आबा मान वर करून काही सांगत, आणि लांबूनसुद्धा दिसत होतं की ते खूप बोलताहेत. जमिनीलगत गेलेल्या ठिबकच्या नळीकडे त्यांनी पायानं खूण केली. ओजस खाली वाकून बघू लागला, तसा आबांनी त्याचा तोल सावरला.

“कशी आहे?” रूपा त्याच्या शेजारी येऊन म्हणाली.

“आंबट.”

तिनं त्याच्या ग्लासकडे पाहिलं. तो भरलेला होता. मग तिनं खाली पाहिलं.

“मजा करताहेत दोघं.”

“या वयात एवढं वजन उचलायचं नसतं. उद्या पाठ धरली तर मलाच दवाखान्यात न्यावं लागेल.”

रूपा त्याच्याकडे वळली. मग तिनं हलक्या आवाजात विचारलं, “आबा आले की तू मुलांना उचलत नाहीस. तुझ्या लक्षात आलंय का?”

“काहीतरीच.”

“रेवा झाली तेव्हापासून बघतेय मी. घरी तुझ्या पोटावर नाचतात दोघं. आबांची पिशवी दारात दिसली की तू पेपर उघडतोस.”

अमृतनं ग्लास टेबलावर ठेवला आणि उन्हात बाहेर आला.

तो पोचला तेव्हा ओजस खाली उतरून पळत आला. ती काळी नळी पप्पांनी केलीय असं आबा म्हणाले, हे खरं का, असं त्यानं विचारलं. अमृत जळगावच्या ज्या कारखान्यात नोकरीला होता तिथं अशा नळ्या बनत. त्या तपासून पुढे पाठवायच्या खात्यात तो बारा वर्षं होता.

“आबा म्हणाला, अख्ख्या बागेला पाणी पप्पांच्या नळीतून येतं.”

अमृतनं आबांकडे पाहिलं. ते पाठमोरे होऊन एका वेलीचं पान उलटं करून बघत होते. बारा वर्षांत त्यांनी त्याच्या कामाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. पहिल्या पगाराचा पेढ्यांचा पुडा त्यानं समोर ठेवला, तेव्हा त्यांनी एक पेढा उचलून भागाबाईंना म्हटलं होतं, देवापुढे ठेव. अभिमानाचे चार शब्द त्यांच्याजवळ होते तर. ते त्यांनी साठवून ठेवले होते आणि या सहा वर्षांच्या पोराला देऊन टाकले होते.

“ती नळी आपल्या कंपनीची नाहीये,” अमृत म्हणाला. “दुसऱ्याच कंपनीची आहे.”

ओजसचा चेहरा उतरला. आबांनी पान सोडून दिलं.

चार वाजता अमृत ओजसला घेऊन पोहायच्या तळ्यावर गेला. मुद्दाम दोघंच. त्यानं त्याला पाण्यावर आडवं धरलं, पाय कसे मारायचे ते दाखवलं, बाहेर आल्यावर आइस्क्रीम घेऊन दिलं. मोठं, दोन रंगांचं. ओजसनं ते खाल्लं, हात चाटले आणि विचारलं, “आता आबाकडे जाऊ?”

जेवायला सगळे अंगणातल्या मांडवाखाली बसले. अजून उजेड होता. मुलांना द्राक्षांचा रस आला. ओजसला आबांना काहीतरी दाखवायचं होतं. त्याचा हात लागला आणि ग्लास आडवा झाला. रस टेबलावरून थेट आबांच्या पांढऱ्या धोतरावर ओघळला.

“लक्ष कुठे असतं तुझं?” अमृतचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. ओजस खुर्चीत आक्रसला.

“राहू दे,” आबा म्हणाले. “लेकरू शे. सांडस.”

त्यांनी रुमालानं धोतर टिपलं आणि आपला ग्लास ओजसपुढे सरकवला. अमृत मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडत राहिला. तो तुकडा मोडून मोडून बोटभर उरला.

ओजसला धीर यायला वेळ लागला नाही. रस पिऊन झाल्यावर त्याला एक गोष्ट सुचली आणि ती त्यानं विचारली.

“पप्पा, तुम्ही लहान होते तेव्हा तुम्ही पण आबाच्या खांद्यावर बसायचे?”

भागाबाईंनी रेवाला घास भरवता भरवता वर पाहिलं.

“नाही,” अमृत म्हणाला. “मला चालावं लागायचं. वावरातून घरापर्यंत, उन्हात, रडत. आबा पुढे चालायचे आणि मी मागे. एकदा वळूनसुद्धा बघायचे नाहीत.”

तो हे हसून म्हणणार होता. हसू आलंच नाही. रूपानं टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं. आबांनी पाण्याचा तांब्या उचलला, वरून पाणी प्यायले, मिशा पुसल्या. भागाबाई काही बोलायला गेल्या, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, आणि त्या गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी आबांनी ओजसला उचललं नाही.

सकाळी बागेत फिरताना ओजसनं हात वर केले, तेव्हा गुडघा दुखतो असं ते म्हणाले आणि त्याला बोट दिलं. परतीच्या वाटेवर गाडीत ते पुढच्या सीटवर बसले. जाताना ओजस त्यांच्या मांडीवर होता. आता तो मागे आजीजवळ बसला. मालेगाव गेलं. धुळ्यात चहाला थांबले, तेव्हा आबांनी मुलांना बिस्किटांचे पुडे घेऊन दिले, पण ते दिले रूपाच्या हातात. ओजसनं दोनदा त्यांच्याजवळ जाऊन पाहिलं. काहीतरी बदललंय हे त्याला कळत होतं आणि आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं. शेवटी तो आईला म्हणाला, की आबाचं धोतर आपण धुऊन देऊ या का?

अमृतनं ते ऐकलं. कालपासून त्याला जे खुपत होतं ते आता समोर नव्हतं. आपल्याला बरं वाटायला हवं, असं त्याला वाटलं. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत तो चहा निवण्याची वाट पाहत राहिला.

गावाच्या अलीकडे नाल्यावरचा फरशी-पूल दुरुस्तीसाठी उकरून ठेवला होता. जाताना आबा-माय फाट्यावरच भेटल्यामुळे अमृतला ते ठाऊक नव्हतं. गाडी त्यांच्याच वावराच्या बांधाशी थांबवावी लागली. तिथून घर पाऊण मैल. रेवा झोपली होती, म्हणून रूपा तिला घेऊन गाडीतच थांबली. ओजसला गोठ्यातलं नवं वासरू बघायचं होतं. आबांनी मोठी पिशवी उचलली आणि कुणासाठी न थांबता पुढे चालू लागले. भागाबाई, अमृत आणि ओजस मागे राहिले.

दोन-अडीचचं ऊन होतं. रस्ता पांढऱ्या मातीचा, दोन्ही अंगांना उपटून टाकलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. थोडं चालल्यावर ओजसचे पाय रेंगाळू लागले. बूट चावतोय म्हणाला. मग थांबला, पुढे जाणाऱ्या आबांच्या पाठीकडे पाहिलं, आणि हाक न मारता पुन्हा चालू लागला.

रस्ता जिथे वळतो तिथे एक जुनी बाभूळ होती. भागाबाई तिच्या सावलीत उभ्या राहिल्या, पदरानं मान पुसली.

“आठेच तुले उतारेत,” त्या म्हणाल्या.

अमृतला समजलं नाही. कोण उतरवायचं, असं त्यानं विचारलं.

“तुना बाप. कोन आखो?” त्या पुढे चाललेल्या पाठीकडे बघत बोलत होत्या. “वावरमाईन आठेलगून तू त्यासना खांदावरच राहे. मान टाकीसन झोपीबी जाये. आठून पुढे गावना पार दखास. पारवर तुना आजला बसेल राहे. बापना समोर सोताना पोऱ्याले कोन उचले, सांग. लाजनी गोट व्हती ती. मंग आठे तुले खाले ठेवेत.”

अमृतनं वळून वावराकडे पाहिलं.

“तू झोपमाईन उठे आनि रडे. तुना बाप मांगे देखेत नहीत. देखतात तं परत उचली लेतात.” त्यांनी पदर सारखा केला. “काल सांगनार व्हते मी. त्यासनी नको करं.”

“माले तं याद नै, माय,” तो म्हणाला. “माले फक्त आठून पुढलंच याद शे.”

“झोपेल पोऱ्याले काय याद ऱ्हाई?” भागाबाई म्हणाल्या.

वळणापलीकडे रस्ता सरळ गावात शिरत होता. पार दिसत होता. आजोबा जाऊन बावीस वर्षं झाली होती. पारावर कुणी नव्हतं. बाभळीपासून पारापर्यंतचं अंतर त्याच्या आठवणीत फार मोठं होतं, कोसभर तरी. आता पाहिलं तर तीनशे पावलं असेल नसेल.

ओजस बाभळीच्या खोडाला टेकून बूट सैल करत होता. अमृत त्याच्यापुढे पाठमोरा खाली बसला.

“ये.”

“नको पप्पा. मी चालतो.”

“ये म्हणतो ना.”

ओजस जरा वेळ उभाच राहिला. मग त्याचा एक पाय अमृतच्या खांद्यावरून पुढे आला, मग दुसरा. उठताना अमृतचा गुडघा वाजला. घरी तो त्याला पाठीवर घेई, पोटावर घेई. पण खांद्यावर, भर रस्त्यात, असं कधी घेतलं नव्हतं. हात कुठे ठेवावे हे ओजसला सुचेना. त्यानं आधी बापाचे कान धरले, मग कपाळ. त्याच्या तळव्यांना बिस्किटांचा वास होता.

ते वळण पार करून पुढे आले. आबा तोवर पारापाशी पोचले होते. पिशवी खाली ठेवून ते दम खायला बसले होते, पाराच्या त्याच कोपऱ्यावर, जिथून सगळा रस्ता दिसतो. त्यांनी मान वर केली.

अमृतचे हात आपोआप ओजसच्या कमरेकडे गेले. त्याचं पाऊल मंदावलं. मागे भागाबाईंच्या चपलांचा आवाज थांबला. वर ओजस काहीतरी बोलत होता, वासराचं नाव काय ठेवायचं याबद्दल. अमृतनं हात पुन्हा खाली आणले, त्याचे दोन्ही घोटे घट्ट धरले आणि पाराच्या दिशेनं चालत राहिला.

पन्नासेक पावलांवर आले तेव्हा आबा उठले. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. पिशवी उचलली नाही. ते पाराला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेले आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. बघणारं आता पारावर कुणी नव्हतं. बाप-लेक पारावरून पुढे निघून जाईपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही.